इंग्लंडमधलं मध्ययुगीन गावचर्च बघायला जाताय? ब्लाइथबरोच्या निमित्ताने सगळं सविस्तर

इंग्लंडमध्ये नोकरीसाठी किंवा शिकायला आलेली आपली माणसं पहिल्या वर्षभरात लंडन, विंडसर, बाथ उरकून घेतात. मग उन्हाळ्यात आई-बाबा येतात आणि "आता ह्यांना कुठं न्यायचं?" हा प्रश्न पडतो. माझं उत्तर ठरलेलं असतं : एखाद्या गावातलं जुनं चर्च बघा. तिकीट नाही, रांग नाही, आणि पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं लाकूडकाम अगदी हातभर अंतरावरून बघता येतं.

अडचण अशी की बरेच जण चर्चच्या फाटकापर्यंत जातात, दार बंद दिसतं, आजूबाजूला चिटपाखरू नसतं, "आपण ख्रिश्चन नाही, कोणी हटकलं तर?" असं मनात येतं आणि बाहेरून फोटो काढून परत फिरतात. आत गेलेच तर पाच मिनिटांत बाहेर, कारण बघायचं काय हेच कळत नाही. या दोन्ही अडचणींसाठी हा लेख. उदाहरणाला सफोक परगण्यातलं ब्लाइथबरोचं होली ट्रिनिटी चर्च घेतलं आहे. इथे शिकलेलं इंग्लंडमधल्या बहुतेक कुठल्याही मध्ययुगीन चर्चमध्ये कामाला येतं.

१. आधी चर्च नीट निवडा

आपल्याला हवं आहे ते पॅरिश चर्च, म्हणजे एका गावाचं किंवा वस्तीचं चर्च. कॅथीड्रल वेगळं. तिथे बिशपची गादी असते, गर्दी असते आणि बऱ्याच ठिकाणी चांगलं सणसणीत तिकीट असतं. पॅरिश चर्च बघायला सहसा पैसे पडत नाहीत.

चर्च ऑफ इंग्लंड या इथल्या अधिकृत ख्रिस्ती पंथाच्या मिळून सुमारे १६,००० चर्च-इमारती आहेत आणि त्यातल्या १२,००० हून जास्त संरक्षित यादीत आहेत. म्हणजे तुम्ही कुठेही राहत असाल तरी एखादं जुनं चर्च जवळपास असणारच. इथे पहिली फसगत होते. टोकदार कमानी आणि उंच मनोरा दिसला म्हणजे इमारत मध्ययुगीन, असं अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जुन्या गॉथिक धाटणीची असंख्य नवी चर्च बांधली. तीच हौस त्यांनी मुंबईतही भागवली : कुलाब्याचं अफगाण चर्च दिसतं मध्ययुगीन, पण ते खुलं झालं १८५८ मध्ये. त्यामुळे निघण्यापूर्वी नेटवर दोन गोष्टी बघा : इमारत कुठल्या शतकातली आहे, आणि ती संरक्षित यादीतल्या सगळ्यात वरच्या 'ग्रेड वन' श्रेणीत आहे का. 'अ चर्च निअर यू' या चर्च ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की जवळची चर्च, प्रार्थनेच्या वेळा आणि संपर्क मिळतो.

सफोक निवडायचं कारण म्हणजे लोकर आणि कापड. पंधराव्या शतकात या व्यापारावर इथले लोक गब्बर झाले आणि तो पैसा चर्चमध्ये ओतला गेला. या एका परगण्यात आजही सुमारे ५०० मध्ययुगीन चर्च उभी आहेत. ब्लाइथबरो तेव्हा ब्लाइथ नदीवरचं व्यापारी बंदर होतं. गावातल्या मठाला १४१२ मध्ये राजा चौथ्या हेन्रीकडून चर्च नव्याने बांधायची परवानगी मिळाली. जुना मनोरा तेवढा ठेवला, बाकी सगळं नवं उभारलं. पुढे नदी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी झाली, धंदा दुसरीकडे गेला. आज गाव चिमुकलं आणि चर्च अवाढव्य, असा विचित्र मामला आहे. दलदलीच्या काठावर ते एकटंच उभं दिसतं, म्हणून त्याला 'दलदलीतलं कॅथीड्रल' असं टोपणनाव पडलं आहे.

२. दिवस आणि वेळ

रविवारी सकाळी प्रार्थना असते. फक्त बघायलाच जायचं असेल तर ती वेळ टाळा. शनिवारी दुपारी लग्नं असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी अंत्यविधी असू शकतो. तसं असेल तर बाहेर काळ्या कपड्यातली माणसं आणि लांबलचक काळी गाडी दिसेल. अशा वेळी गावात चक्कर मारून दीड-दोन तासांनी परत या.

मोठं, प्रसिद्ध चर्च दिवसा उघडं असतंच. लहान गावांत मात्र एकच धर्मगुरू पाच-सहा चर्च सांभाळतो, त्यामुळे दर रविवारी प्रार्थना वेगळ्या गावात असते आणि एरवी दाराला कुलूप असू शकतं. कुलूप दिसलं तर लगेच निराश होऊ नका. पोर्चमधल्या सूचनाफलकावर किल्ली कोणाकडे आहे तो फोन नंबर बहुतेक वेळा असतो. बिनधास्त फोन करा. समोरचे आजोबा किल्ली घेऊन येतात आणि त्यांच्याकडे मोकळा वेळ असेल तर अर्धा तास स्वतःच सगळं दाखवतात.

हिवाळ्यात दुपारी चारला अंधारतं आणि आत दिवे लावलेले असतीलच असं नाही. मार्च ते ऑक्टोबर उत्तम.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं काहीही लागत नाहीत. ओळखपत्र, बुकिंग, पास, काही नाही. पिशवीत एवढं असू द्या :

- छोटी दुर्बीण. सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. छतावरचं काम तिच्याशिवाय फुकट जातं.
- टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा, बाकांवरचं कोरीवकाम तिरप्या उजेडात बघायला.
- जाकीट. जुलैमध्येसुद्धा. दगडी इमारत आतून गारठलेली असते.
- सपाट तळव्याचे बूट. फरशी खाचखळग्यांची असते.
- थोडी नाणी आणि एखादी पाच पौंडांची नोट.
- पाणी आणि खाऊ, पण खायचं बाहेर.

निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाला जाऊन या. जुन्या चर्चमध्ये ते असतंच असं नाही, आणि आई-बाबा सोबत असतील तर हा मुद्दा दुर्बिणीच्याही वर न्या.

४. पोचायचं कसं

गाडी असेल तर सोपं आहे. लंडनहून ए-१२ हा रस्ता थेट ब्लाइथबरो गावातूनच जातो. रेल्वेने जायचं तर लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथे बदलून लोस्टॉफ्टकडे जाणारी गाडी घ्यायची आणि डार्शम किंवा हेल्सवर्थला उतरायचं. पुढचे काही मैल टॅक्सीने. टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षासारखं काही उभं नसतं, आणि लंडनमधलं टॅक्सीचं ॲप खेड्यात चालेल या भरवशावर राहू नका. रविवारी बस जवळपास नसल्यातच जमा.

टॅक्सीवाल्याला सांगताना 'ब्लायब्रा' म्हणा. स्पेलिंग वाचून उच्चार केलात तर तो दोनदा विचारेल.

५. आत शिरायची घाई नको, आधी बाहेरून एक फेरी

चर्चभोवतीची हिरवळ ही बाग नाही, दफनभूमी आहे. थडग्यांवर बसायचं नाही, मुलांना त्यावर चढू द्यायचं नाही, चटई पसरून डबे उघडायचे नाहीत. कोपऱ्यात बाक असतो, तिथे बसून सँडविच खाल्लं तर कोणाची हरकत नसते.

आता भिंती बघा. सफोकमध्ये बांधकामाजोगा दगड मिळत नाही, मिळते ती चकमक : काळसर, काचेसारखी, गोटे-गोटे असलेली. गवंड्यांनी ती फोडून तिची काळी गुळगुळीत बाजू पुढे आणली आणि बाहेरून आणलेल्या फिकट दगडाच्या चौकटीत बसवली. त्यातून भिंतीवर काळी-पांढरी नक्षी तयार झाली. जवळ जाऊन एक फोडलेला तुकडा निरखा. कडा इतक्या नेमक्या आहेत की दोन तुकड्यांमध्ये नखही जात नाही. हे काम हातोडीने झालं आहे.

मागच्या, म्हणजे पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीखाली एक-एक सुटं अक्षर कोरलेलं आहे. ती लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. येशू, पवित्र त्रयी, मेरी, संत ॲन आणि संत कॅथरीन यांच्या सन्मानार्थ चर्च पुन्हा बांधलं, असा त्यांचा अर्थ लावतात. बहुतेक लोक चर्चच्या मागे जातच नाहीत, त्यामुळे हे त्यांना दिसत नाही.

६. दार

हे एवढंसं काम, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात.

दाराला जाड लोखंडी कडी असते. ती ओढायची नसते, फिरवायची असते. दोन्ही हातांनी धरून एका बाजूला वळवा. नाही जमलं तर दुसऱ्या बाजूला. आतली खिटी वर उचलल्याचा 'खट्' आवाज येतो. तो आला की खांद्याने ढकला. दार जड असतं आणि करकरतं. हा आवाज झाला की आपण काहीतरी मोडलं असं वाटतं, पण तसं काही नसतं.

बऱ्याच चर्चमध्ये बाहेर आणखी एक जाळीचं दार असतं. ते पाखरांसाठी. आत जाताना आणि येताना ते आठवणीने लावा. पक्षी आत अडकला की त्याला बाहेर काढणं गावाला फार जड जातं.

आणि पायाखाली बघा. कित्येक चर्चमध्ये दाराच्या आत लगेच एक-दोन पायऱ्या खाली उतरतात. बाहेरच्या उजेडातून आल्यावर त्या दिसत नाहीत. आई-बाबांचा हात धरा.

चप्पल-बूट काढायचे नाहीत. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे पटवणं कठीण जातं, पण इथे बूट काढले तर लोक तुमच्या पायांना काही झालंय का म्हणून विचारतील. पुरुषांनी टोपी काढायची, बायकांनी डोकं झाकायची गरज नाही. फुलं, नारळ, पेढे काही न्यायचं नसतं.

७. आत काय बघायचं, कुठल्या क्रमाने

आधी मागच्या बाकावर दोन-तीन मिनिटं बसा, डोळे सरावू द्या. चर्चचा आराखडा जवळपास सगळीकडे सारखाच : पश्चिमेला मनोरा, मधला मोठा भाग लोकांना बसायला, पूर्वेच्या टोकाला वेदी. दिशा कळली की पुढचं सोपं.

ब्लाइथबरोत पहिली गोष्ट जाणवते ती उजेड. भिंती पांढऱ्या, काचा बिनरंगी, लाकूड उन्हापावसाने फिकटल्यासारखं. बघायला येणारा म्हणतो, "किती साधं आणि शांत!" पण बांधलं तेव्हा हे चर्च असं नव्हतंच. भिंतींवर चित्रं होती, खिडक्यांत रंगीत काचा होत्या, कोनाड्यांत मूर्ती होत्या. म्हणून माझी बघायची रीत एकच आहे : जे खरवडलं, फोडलं, पुसलं गेलं त्या जागा आधी शोधायच्या. त्या सापडल्या की उरलेल्या वस्तूंची किंमत कळते.

थोडा इतिहास लागेल, पण एवढाच. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपशी नातं तोडून इंग्लंडचं चर्च स्वतःच्या हाताखाली घेतलं. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड (१५४७ ते १५५३) गादीवर असताना मूर्ती काढल्या गेल्या, भिंतींवर चुना फासला गेला. शंभर वर्षांनी यादवी युद्धाच्या काळात दुसरी लाट आली. संसदेच्या बाजूने विल्यम डाउझिंग नावाचा माणूस १६४३च्या शेवटापासून केंब्रिजशर आणि सफोकमधली चर्च एकामागून एक पालथी घालत होता. तो रोजनिशी लिहायचा, त्यामुळे कुठे काय फोडायला सांगितलं याची नोंदच मिळते. ब्लाइथबरोत तो एप्रिल १६४४ मध्ये आला.

आता उठा आणि या क्रमाने जा.

*बाप्तिस्म्याचं दगडी कुंड.* हे नेहमी दाराजवळ, पश्चिमेकडे असतं. ब्लाइथबरोचं कुंड अष्टकोनी आहे. त्याच्या बाजूंवर चर्चच्या सात संस्कारांची दृश्यं कोरलेली होती असं मानतात. आज हात फिरवलात तर ओबडधोबड पृष्ठभाग लागतो. सगळं छिन्नीने साफ केलेलं आहे. टॉर्च तिरपी धरा म्हणजे उरल्यासुरल्या कडा दिसतात.

*छत.* इथे आलात ते यासाठीच. मधल्या तुळईवर लाकडी देवदूतांच्या जोड्या पाठीला पाठ लावून बसवल्या आहेत, पंख दोन्हीकडे पसरलेले, हातात ढाली. दुर्बीण लावा. फळ्यांवर लाल-हिरव्या नक्षीचे आणि अक्षरांचे फिके अवशेष अजून टिकून आहेत. तो रंग मूळचा, नंतर चोपडलेला नाही. मान दुखायला लागली की बाकावर उताणं पडून बघा, इथे ते चालतं.

देवदूतांच्या अंगावर छर्र्यांच्या खुणा आहेत. पूर्वी सांगायचे की डाउझिंगच्या माणसांनी त्यांच्यावर बंदुका झाडल्या. गोष्ट छान, पण दुरुस्तीत सापडलेले छर्रे निघाले अठराव्या शतकातले. चर्चच्या जुन्या हिशेबांत छतात घरटी करणारे डोमकावळे मारायला दारूगोळ्याचा खर्च मांडलेला आहे. खांबांतल्या कड्यांना संसदेच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल याच्या शिपायांनी घोडे बांधले, ही कथाही अशीच ऐकीव म्हणून ऐका. उंच छतापर्यंत शिड्या लावणं सोपं नव्हतं, म्हणून देवदूत वाचले असावेत, असं मला वाटतं.

*उत्तरेचं दार.* आतल्या बाजूला, उभ्या फळ्यांवर काळपट जळल्याच्या खुणा. ४ ऑगस्ट १५७७, रविवार. प्रार्थना चालू असताना वादळ झालं, मनोऱ्यावरचा कळस छत फोडून आत कोसळला, एक पुरुष आणि एक मुलगा दगावले. त्याच दिवशी जवळच्या बंगी गावातल्या चर्चमध्येही वीज पडली. त्याच वर्षी लंडनमध्ये यावर एक पुस्तिका छापली गेली आणि तिच्यात वादळाबरोबर काळं कुत्रं आलं. तेव्हापासून दारावरच्या खुणा म्हणजे सैतानी कुत्र्याच्या नख्या. मला त्या मेणबत्तीने भाजल्यासारख्या दिसतात, पण मुलांना कुत्र्याचीच गोष्ट सांगा.

*बाकांची टोकं.* प्रत्येक बाकाच्या कडेला हातभर उंचीवर छोटी लाकडी माणसं आहेत. काही ऋतूंची कामं करतात, काही म्हणजे माणसाची पापं. आळस अंथरुणात बसलेला, खादाड पोट धरून, लोभी पैशाच्या पेटीवर ठाण मांडून, चहाडखोराची जीभ बाहेर. आणि ढोंगी : हात जोडलेले, डोळे मात्र उघडे. हे बघताना आपल्या ओळखीचे चेहरे आठवतात आणि आई-बाबा सगळ्यात जास्त इथेच रमतात. शांतपणे एकेक बाक बघा. मुलांना आधीच सांगून ठेवा की हात लावायचा तो बोटाच्या टोकाने.

*घंटा वाजवणारा जॅक.* १६८२चा लाकडी बाहुला. प्रार्थनेच्या सुरुवातीला दोरी ओढली की तो घंटेवर टोला देतो. दोरी आपण ओढायची नाही.

*वेदीजवळची आसनं.* एकेकाळी इथे शाळा भरायची. लाकडात मुलांनी नावं कोरली आहेत, त्यातलं एक डच नाव १६६५ सालचं. पोरांनी बाकावर नाव कोरायचं, हे जगभर एकच.

ब्लाइथबरो सोडून इतरत्र गेलात तर आणखी दोन गोष्टी शोधा. वेदीच्या उजव्या भिंतीत एक छोटा कोनाडा आणि त्यात निचऱ्याचं भोक असलेली दगडी वाटी. ती विधीची भांडी धुवायची जागा. आणि मधल्या कमानीपाशी भिंतीतून वर जाऊन हवेतच संपणाऱ्या पायऱ्या. पूर्वी तिथे सज्जा होता आणि त्यावर क्रुसावरचा ख्रिस्त. सज्जा गेला, पायऱ्या राहिल्या.

न फोडलेलं चर्च कसं दिसायचं हे बघायचं असेल तर कधीतरी ग्लॉस्टरशरमध्ये फेअरफर्डला जा. तिथल्या सेंट मेरीज चर्चमध्ये मध्ययुगाच्या अखेरच्या रंगीत काचांचा २८ खिडक्यांचा जवळजवळ पूर्ण संच शाबूत आहे. ते बघून आल्यावर ब्लाइथबरोचा पांढरा उजेड वेगळाच वाटतो.

आणखी एक. १८८१ मध्ये ब्लाइथबरो चर्च इतकं मोडकळीला आलं होतं की धोकादायक म्हणून बंदच करावं लागलं. दुरुस्ती कशी करायची यावरून बरीच भांडणं झाली. कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिसची जुन्या इमारती जपणारी संस्था, १८७७ मध्ये स्थापन झालेली, म्हणत होती की डागडुजी करा, नवंकोरं करू नका. छतावरचे ते फिके रंग आज दिसतात त्यात या आग्रहाचा मोठा वाटा आहे.

८. माणसं, प्रार्थना, फोटो

फोटो काढायला सहसा मनाई नसते. प्रार्थना, लग्न, अंत्यविधी चालू असताना मात्र नाही. कोणी एकटं बसून प्रार्थना करत असेल तर त्याच्या पुढून फिरू नका. वेदीपुढे लाकडी कठडा असतो, त्याच्या आत जायचं नाही. बाकी सगळीकडे फिरा.

आई-बाबांना हात जोडावेसे वाटले तर जोडू द्या. कोणाला काही वाटत नाही. मेणबत्त्या ठेवलेल्या असतील तर नाणं टाकून एक लावताही येते.

प्रार्थनेला बसायचं असेल तर तेही खुलं आहे. मागच्या बाकावर बसा, लोक उठले की उठा, बसले की बसा. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन पाव आणि वाइन घेतात. आपण जागेवरच बसून राहिलं तरी चालतं. पुढे जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरा, म्हणजे धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात. नंतर मागे चहा-कॉफी असते. तिथे कोणीतरी येऊन "कुठून आलात?" विचारणारच. त्यात धर्मांतराचा डाव वगैरे काही नसतो. त्यांना खरंच कुतूहल असतं, आणि चर्चबद्दलची सगळ्यात चांगली माहिती याच गप्पांत मिळते.

इमारतीची जबाबदारी चर्चवॉर्डन नावाच्या गावातल्या बिनपगारी स्वयंसेवकांवर असते. काही विचारायचं तर त्यांना विचारा.

९. पैसे

तिकीट नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. छत, वीज, विमा यांचा रोजचा भार मुख्यतः गावावरच पडतो, सरकारकडून नेमाने अनुदान येत नाही. दाराजवळ भिंतीत किंवा खांबात दानपेटी असते, हल्ली कार्ड टेकवायचं यंत्रही. एका कुटुंबाने पाच पौंड टाकावेत असं माझं मत. एका कॉफीत आणि केकमध्ये त्याहून जास्त जातात. माहितीची पुस्तिका टेबलावर असेल तर तिची किंमत पेटीत टाकून घ्या. कोणी बघत नसतं, म्हणून तर जास्तच नीट टाका.

१०. आपल्याकडच्या इतिहासातली माणसं

भिंतींवरच्या संगमरवरी पाट्या वाचत चला. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून आलेल्या, किंवा तिकडेच मेलेल्या माणसांच्या पाट्या इंग्लंडभरच्या चर्चमध्ये आहेत. पुणे, मुंबई, दख्खन ही नावं चित्रविचित्र स्पेलिंगमध्ये भेटतात.

मराठी माणसाने मुद्दाम जावं असं एक ठिकाण : सरे परगण्यातलं लिम्प्सफील्ड. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असलेला, १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यात असलेला आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्तीनंतर याच गावात राहिला. २० नोव्हेंबर १८५९ ला तो गेला आणि इथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये त्याचं दफन झालं. हे चर्चही मध्ययुगीन आहे. लंडनहून ऑक्स्टेड स्टेशनला उतरून चालत जाता येतं. संगीतकार डीलियसची कबरही याच आवारात आहे.

एखाद्या व्यक्तीची नोंद शोधायची असेल तर चर्चमध्ये रजिस्टर मागू नका. बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी ठेवायची सक्ती १५३८ पासून आहे, पण जुनी रजिस्टरं आता परगण्याच्या अभिलेखागारात असतात. त्यांच्या संकेतस्थळावरून आधी वेळ घ्या.

११. त्याच दिवशी जोडून

ब्लाइथबरोला दीड तास पुरतो. उरलेल्या दिवसात गाडी असेल तर आणखी दोन चर्च सहज होतात. साउथवोल्डचं सेंट एडमंड्स बघा. तिथे रंगवलेली मध्ययुगीन लाकडी आडभिंत आहे, तिच्यावरच्या संतांचे चेहरे खरवडलेले, आणि आणखी एक घंटा वाजवणारा जॅक. शिवाय समुद्रकिनारा, मासे-चिप्स आणि सार्वजनिक स्वच्छतागृह, म्हणून जेवणाचा थांबा इथेच ठेवा.

दुसरं कोव्हहाइथ. प्रचंड मोठ्या पडक्या चर्चच्या पोटात १६७२ मध्ये गावाने एक छोटंसं गवती छपराचं चर्च बांधलं, कारण मोठं सांभाळणं परवडेना. गाडी चर्चजवळच लावा. रस्ता पुढे समुद्राकडे जातो आणि कड्यावर तुटलेला आहे, किनारा दर वर्षी ढासळतो. नकाशात रस्ता दिसला तरी त्या बाजूला जाऊ नका, मुलांना कड्याच्या काठावर सोडू नका. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही. पाणी आणि पेट्रोल साउथवोल्डलाच घेऊन ठेवा.